हुर्राकाचा वास नव्हता

मी पोचले तेव्हा सगळे हसतच होते.
म्हैस झिंगली म्हणे, बोंडू खाऊन.
एप्रिलात सत्तरीत यात नवं काही नाही:
काजूखाली पडलेले, उन्हात आंबलेले बोंडू
जनावरं खातात, पाय फाकून उभी राहतात
आणि पोरांची दुपार मजेत जाते.

मी बॅग ठेवली, गुडघे टेकले,
तिच्या तोंडाशी नाक नेलं.
पशुखात्यात एकवीस वर्षं काढली की
नाक हेच पहिलं यंत्र होतं.
चारा. लाळ. तोंडातली ऊब.
हुर्राकाचा वास नव्हता.

कुठं चरली?
जानू झोरे सांगेना.
काठीनं जमिनीवर रेघ ओढत राहिला,
मग ती रेघच पायानं पुसली.
त्याची बायको, भागी, म्हणाली,
वरच्या भाटात.
तिथलं गवत पिवळं होतं बाई,
आम्हांला वाटलं उन्हानं.

उन्हाचं गवत शेंड्याकडून वाळतं,
एकेक पातं, आपापल्या सवडीनं.
हे मात्र रांगेत वाळलं होतं,
पट्टी लावून आखल्यासारखं.
बोंडू पडला की दिसला पाहिजे,
म्हणून झाडाखालचं रान साफ ठेवतात.
पूर्वी कोयत्याला चार दिवस लागायचे.
आता पाठीवर पंप, एक माणूस, एक सकाळ.

मी तिच्या डोळ्यासमोर हात नेला.
पापणी मिटली,
पण उशिरा,
वाळपईहून सुटलेली शेवटची बस
पोचते तशी.
अंगावर माशी नव्हती तरी कातडी थरथरत होती.
लहर खांद्यापासून निघायची,
कुशीपर्यंत यायची, तिथंच विरायची,
शेपटीला काही कळवायची नाही.

तिघांनी मिळून उठवली.
उभी राहिली.
पुढचा उजवा पाय उचलला
आणि ठेवायचं विसरली.

मी घड्याळ बघत होते. सात. आठ. नऊ.
पाय हवेत, खूर किंचित आत वळलेला.
तिचे डोळे आमच्याकडे नव्हते,
पायाकडेही नव्हते.
मेंदूतून काहीतरी निघालं होतं नक्की,
वाटेत कुठंतरी बसलं होतं.
मानेपाशी? पाठीच्या कण्यात, कुठल्या मणक्याशी?
एवढं बारीक शोधायची हत्यारं
माझ्या बॅगेत नव्हती.
आता कुणी हसत नव्हतं.

भागीनं खोपीमागून डबा आणला.
लेबल पांढरं पडलेलं,
एकच ओळ वाचता येत होती:
हातमोजे वापरावेत.
पंप कुणी मारला, मी विचारलं.
जानूनं आपले तळवे पाहिले,
आधी एक, मग दुसरा,
जणू ते उत्तर देतील.
चारशे रुपये, म्हणाला. आणि जेवण.

मी त्याला बोलणार होते.
शब्द तोंडापर्यंत आलेही.
पण केरीला आमचंही भाट आहे,
सासरचं, सत्तर झाडांचं,
आणि जानेवारीत त्याच पंपाचे पैसे
मीच मोजून दिले होते.
आमच्या बांधावरचे बेडूक
त्या आठवड्यात गप्प होते.
मला वाटलं, थंडी आहे.

रक्त पुढे पाठवलं.
नमुना अपुरा, असं उत्तर आलं.
अर्जात 'कारण' नावाचा रकाना असतो,
दीड बोट रुंद.
मी 'अज्ञात' लिहिलं.
अक्षर माझं चांगलं आहे.

गणपतीनंतर त्या वाटेनं गेले होते.
म्हैस जगली. दूध निम्मं.
सपाटीवर चालते तेव्हा कळणारही नाही कुणाला,
पण व्हाळ ओलांडताना
पाण्यावर पाय धरून थांबते.
मागची जनावरं बगल देऊन पुढं जातात.
भागी घाई करत नाही.
पाण्यात उतरते,
तिच्या खांद्यावर हात टेकते
आणि झोपलेल्या पोराला उठवावं तसं म्हणते,
ठेव गे.

थोड्या वेळानं ती ठेवते.